पद्मिनीचे हरवलेले घोडे

मुलुंडचे एक वाचक (वय 38) यांच्याकडे वडिलांनी 1986 साली नवी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. एरवी गाडी सोसायटीत कव्हरखाली असते. वर्षातून दोनदा वाईला गावी जाताना मात्र तीच न्यायची, असा वडिलांचा आग्रह. गेल्या मे महिन्यात चार माणसं घेऊन खंडाळ्याचा घाट चढताना गाडी अक्षरशः रांगली. तिसऱ्या गिअरवर दम तोडत होती, दुसऱ्यावर टाकली की तापमानाचा काटा वर जात होता आणि मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. सोबत असलेल्या मेव्हण्यांनी घरी पोचल्यावर या चढाईची नक्कलही करून दाखवली. आता एका गॅरेजवाल्याने दोन उपाय सुचवलेत. एक, हेड (इंजिनाचं वरचं झाकण) घासून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, वाढवायचं, जोडीला डबल कार्बोरेटर आणि मोकळा सायलेन्सर. दुसरा, जुनं इंजिन काढून जिप्सीचं 1300 सीसीचं इंजिन गिअरबॉक्ससकट बसवायचं, खर्च पावणेदोन लाख. पत्नीच्या मते एवढ्या पैशात सेकंडहँड गाडी येईल. वडील म्हणतात, "तुला हवं ते कर." वाचकांचा प्रश्न : दोन्हींपैकी काय करू?

*

तुम्ही मेव्हण्यांची नक्कल, ट्रकवाल्यांचे हॉर्न, गॅरेजचं कोटेशन असं सगळं सविस्तर लिहिलंत. एकच गोष्ट राहिली. तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन आज किती आहे? गॅरेजवाल्याने ते मोजलं असतं तर तुम्ही नक्की लिहिलं असतं, म्हणजे मोजलेलंच नाही. पेशंटची नाडी न बघता ऑपरेशनची तारीख दिलेली आहे.

"चाळीस हॉर्सपॉवरने काय होणार," हे वाक्य जुन्या गाडीवाल्यांना दर दोन महिन्यांनी कुणीतरी ऐकवतंच. तुम्हालाही ते पटलेलं दिसतंय. तर आधी तेच तपासू. पद्मिनीचं रिकामं वजन साधारण 900 किलो. चार माणसं, बॅगा आणि गावाला न्यायचे डबे धरून 1200 म्हणू. घाटाचा चढ दर 15 मीटरला 1 मीटर धरा. या चढावर ताशी 40 किलोमीटरने 1200 किलो ओढायला, टायरचा आणि वाऱ्याचा विरोध धरूनही, चाकांवर सुमारे 15 हॉर्सपॉवर लागतात. गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल आपला वाटा खातात, म्हणून इंजिनाकडे 18 मागा. हवा दर 100 मीटर उंचीला साधारण 1 टक्का विरळ होते, त्यामुळे लोणावळ्याला पोचेपर्यंत इंजिनाची 6 टक्के ताकद तशीच जाते, मे महिन्याच्या उन्हात आणखी थोडी. सगळं वजा केलं तरी धडधाकट 1089 सीसी इंजिनाने हा घाट तिसऱ्यावर ताशी 40 ने चढायला हवा. ऐटीत नाही, पण रांगतही नाही.

तुमची गाडी तेवढंही करत नसेल तर त्याचा अर्थ चाळीस घोडे कमी पडले असा होत नाही. त्यातले बरेचसे एवढ्या वर्षांत कुठेतरी गळालेत, आणि तुम्ही त्यांना न शोधता नवे विकत घ्यायला निघालात. हा घोळ फक्त तुमचा नाही. पद्मिनी, ॲम्बॅसेडर, जुनी 800, कुठल्याही छोट्या इंजिनाचा मालक "ताकद वाढवायची आहे" असं लिहितो, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा त्याला मूळची ताकद परत हवी असते.

शोध कुठून सुरू करायचा? फुकटातल्या गोष्टींपासून. बॉनेट उघडा, इंजिन बंद ठेवा, मुलाला किंवा पत्नीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवा आणि एक्सलरेटर तळापर्यंत दाबायला सांगा. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा. आतली झडप पूर्ण उभी झाली पाहिजे. या वयाच्या गाड्यांत पेडलपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सळ्यांचे सांधे झिजून सैल झालेले असतात, वर कुणीतरी हौसेने पायाखाली जाड मॅट घातलेलं असतं. पेडल तळाला टेकतं आणि झडप पाऊणच उघडते. हे सांधे नीट करायला एक दुपार लागते. तिथूनच चोककडेही बघा. चोकची वायर अडकून झडप अर्धवट मिटलेली राहिली असेल तर इंजिन पेट्रोल पिणार आणि घाटात गुदमरणार.

मग गाडी जॅकवर घेऊन चारही चाकं हाताने फिरवा. ड्रमब्रेकचे शू चिकटत असतील तर तुम्ही ब्रेक दाबूनच घाट चढत होतात. गाडी महिनोन्महिने कव्हरखाली उभी, त्यात मुलुंडचा पावसाळा; व्हील सिलिंडर गंजून अडकले नसतील तर मलाच नवल वाटेल.

त्यानंतर कॉम्प्रेशन. इंजिन गरम करून चारही प्लग काढायचे, एक्सलरेटर पूर्ण दाबून धरायचा, एकेका भोकात गेज लावून स्टार्टर मारायचा. नुसत्या आकड्यापेक्षा चार आकड्यांतला फरक जास्त बोलतो. तो 10 टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. एखादा सिलिंडर मागे पडला तर त्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व नीट बसत नाहीत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असतील तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ पत्र्यावर. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि हेड उघडायचं की ब्लॉक बोअरिंगला पाठवायचा, हा हजारोंचा निर्णय त्यावर ठरतो. जो मिस्त्री हे न करता "हाफ इंजिन करून टाकू" म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

प्लगना स्पार्क वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे तर कुणी बघतच नाही. पॉइंट बदलतात, गॅप लावतात, टायमिंग कानाने ठरवतात आणि झाकण लावतात. पण त्याच्या पोटात वजनं आणि स्प्रिंगा असतात. इंजिनाची गती वाढली की त्या स्पार्क लवकर पाडतात. वर्षानुवर्षं ग्रीस न लागल्याने ही वजनं जागच्या जागी जाम होतात. मग गाडी सोसायटीच्या गेटपर्यंत मजेत जाते, आयडलिंग झकास असतं, आणि ताकद लागते तिथेच पाय धरते. टायमिंग लाइट लावून इंजिन रेस करा. पुलीवरची खूण सरकत नसेल तर चोर सापडला.

आता पेट्रोल. पंपावर मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल आहे. तुमचा कार्बोरेटर निव्वळ पेट्रोलसाठी बनला. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्याच जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकावर) हे मिश्रण साधारण 7 टक्के पातळ पडतं, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त. पातळ मिश्रण म्हणजे कमी ताकद आणि जास्त उष्णता, दोन्ही एकदम. तुमचा वर जाणारा काटा आठवा. घाट चढून झाल्यावर लगेच बाजूला घेऊन एक प्लग काढून बघा (फडकं हाताशी ठेवा, भाजतं). टोक पांढरंफटक असेल तर मिश्रण पातळ, काजळी असेल तर जाड, फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरं निघालं तर मेन जेट एखाद्-दुसऱ्या नंबरने मोठा करायचा. जेट ही बोटाच्या पेरावर मावणारी पितळी वस्तू आहे, पावणेदोन लाखांच्या मानाने तिची किंमत सांगण्यासारखी नाही. पीयूसी करताना कार्बन मोनॉक्साइडचा आकडाही विचारून घ्या. तुमच्या गाडीएवढ्या जुन्या पेट्रोल गाडीला 3 टक्क्यांची मर्यादा असते, आणि ट्यूनिंग कुठे चाललंय याचा तेवढाच एक कागदी पुरावा हातात येतो.

तापण्याचं आणखी एक कारण रेडिएटर. नळाचं किंवा बोअरचं पाणी घालून घालून आत क्षार साचतात. तो काढून साफ करून घ्या आणि यापुढे कूलंट घाला. हे काम टाळाल तर खाली जे काही सांगतोय ते सगळं व्यर्थ, कारण या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि तापलं की वाकतं.

एवढं करून एकदा घाट चढून या. मग गॅरेजवाल्याच्या पहिल्या उपायाकडे वळू, कारण तो अगदीच चुकीचा नाही.

हेड घासण्याचा हिशेब असा. पद्मिनीचं कॉम्प्रेशनचं प्रमाण 7.3 ला 1, म्हणजे आजच्या मानाने फारच सौम्य. आजच्या पेट्रोलला त्याहून जास्त सोसतं, हे खरं. समजा ते 8.5 वर नेलं. पाठ्यपुस्तकी सूत्राने इंजिनाची कार्यक्षमता सुमारे 5 टक्के वाढते. चाळिसावर 5 टक्के म्हणजे 2 हॉर्सपॉवर. त्यासाठी प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावरची जवळपास 7 घनसेंटिमीटर जागा कमी करावी लागते. बोअरचा व्यास 68 मिलिमीटर धरला तर हेडची जवळजवळ 2 मिलिमीटर जाडी गेली. दोन घोड्यांसाठी दोन मिलिमीटर! शिवाय हेड खाली आलं की व्हॉल्व उघडणारे पुशरॉड तेवढे लांब पडतात आणि रॉकरची चाल बिघडते. आणि तुमचं हेड आजवर एकदाही घासलेलं नाही, याची खात्री कोण देणार? गाडी तापली, हेड वाकलं, लेथवाल्याकडे नेऊन फेसिंग केलं, हे या गाड्यांच्या आयुष्यात ठरलेलंच असतं. तेव्हा हेड कधी उघडलंच तर आधी व्हर्नियरने जाडी मोजून घ्या. वाव असेल तर जेवढ्याने पृष्ठभाग सपाट होईल तेवढंच घासा आणि खरे पैसे व्हॉल्व ग्राइंडिंगवर घाला. घट्ट बसणारा व्हॉल्व या दोन मिलिमीटरपेक्षा जास्त देतो.

या इंजिनातून जास्त ताकद निघते का? निघते, पद्मिनी मुळात फियाट 1100च, आणि फियाटनेच ती काढून दाखवलीय. 1953 साली इटलीत आलेल्या साध्या 1100 ला 36 हॉर्सपॉवर होते. त्याच वर्षीच्या टीव्ही नावाच्या मॉडेलात, त्याच 1089 सीसीमधून, थोडं जास्त कॉम्प्रेशन आणि डबल-चोक (हवेच्या दोन नळ्यांचा) वेबर कार्बोरेटर लावून 50 च्या आसपास मिळाले. पुढे फॉर्म्युला ज्युनिअरच्या शर्यतींत स्टँग्युलिनी या इटालियन कंपनीच्या गाड्या याच इंजिनावर धावल्या, त्यातून तर पद्मिनीच्या जवळजवळ दुप्पट ताकद काढली होती. आपल्याकडे चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवरही तयार केलेल्या फियाट पळाल्या. तेव्हा गॅरेजवाला थापा मारत नाही.

फक्त हे घोडे कुठे राहतात ते बघा. सगळे वरच्या मजल्यावर, पाच हजार आरपीएमच्या पुढे. तुम्ही घाटात तिसऱ्यावर अडीच हजारांवर असता, स्टिअरिंगच्या बाजूचा गिअर हातात आणि मागच्या सीटवर सासूबाई. तिथे शर्यतीचं ट्यूनिंग कामाला येत नाही, उलट खालची ओढ कमी होते. मोकळ्या सायलेन्सरचं तर नावच काढू नका. त्याने वाढतो तो आवाज, आणि मुंबईत तो ऐकायला ट्रॅफिक हवालदार तत्पर असतात. डबल कार्बोरेटरही नको. दोन कार्बोरेटर एकमेकांशी जुळवून ठेवणारा मिस्त्री दर तीन महिन्यांनी सापडला पाहिजे. इंजिन निरोगी असूनही हौस राहिलीच, तर एकच डबल-चोक कार्बोरेटर घ्या, ज्यात दुसरा चोक पेडल खोल दाबल्यावरच उघडतो. शहरात तो झोपलेला असतो आणि चढावर उठतो. जोडीला पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. काढलेले सगळे मूळ भाग तेल लावून खोक्यात जपून ठेवा. पुढेमागे गाडी रॅलीत न्यावीशी वाटली तर मूळपणालाच मान असतो. 50 वर्षं पूर्ण झाल्यावर सरकारी नियमाने विंटेज म्हणून नोंदवायची तरी अट तीच : गाडीचं मूळ रूप फार बदललेलं नको.

जिप्सीच्या इंजिनाबद्दल मी लांबण लावणार नाही. नको. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलंय. इंजिन बदलायचं तर त्याच जातीचं, तेही आरटीओची परवानगी घेऊन. "कोण बघतंय" असं गॅरेजवाला म्हणेल. अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर बघतो, इंजिन नंबरापासून सुरुवात करतो. आणि कायदा सोडा. 80 हॉर्सपॉवरचं इंजिन बसवाल त्या गाडीला चारही चाकांना ड्रमब्रेक आहेत. ताशी 60 ऐवजी 85 ने जाणारी गाडी थांबवताना ब्रेकला दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. चढताना मिळालेली मजा उतरताना वसूल होईल.

मेव्हण्यांचं बोलणं मनाला लागलंय, हे पत्रातून लपत नाही. पण तुम्ही गाडी चालवता कुठे? कोस्टल रोड आणि सी लिंकवर मर्यादा फार तर 80 ची, लालबहादूर शास्त्री मार्गावर संध्याकाळी तीस मिळाले तर नशीब. नवीन गाडीतले मेव्हणे आणि पद्मिनीतले तुम्ही भांडुपच्या सिग्नलला शेजारीच उभे असता. पत्नीच्या म्हणण्यात मात्र तथ्य आहे. गावाला जायला भरवशाची गाडी हवी असेल तर ती वेगळी घ्या आणि पद्मिनीवरून ते ओझं उतरवा. दोन प्रश्न एकाच बॉनेटखाली कोंबल्यामुळेच पावणेदोन लाखांचा आकडा आलाय.

आता बाबा. "तुला हवं ते कर" ही मराठी घरात परवानगी नसते, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी त्यांनी नवी घेतली. ते इंजिन ओळखीच्या माणसासारखं ओळखत असतील. त्यांना गाडी बदलायची का, हे विचारू नका. गाडीच्या इतिहासाचे प्रश्न विचारा : हेड कधी उघडलं होतं, बोअरिंग झालंय का, कुठल्या साली, नवीन असताना घाट कितव्या गिअरवर चढायची. ही उत्तरं तुम्हाला कामासाठी हवीच आहेत, कारण ती दुसऱ्या कुणाकडेही नाहीत. कॉम्प्रेशन मोजायला गॅरेजमध्ये त्यांनाही घेऊन जा आणि चार आकडे त्यांच्याकडून वहीत लिहून घ्या. नंतर काय करायचं यावर त्यांचं मत तुम्हाला न विचारता मिळेल, आणि ते "तुला हवं ते कर" नसेल.

सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाउसची दुकानं पालथी घालाल, तेव्हा एक सांभाळा. जुनं हेड कुणी स्वस्तात दिलं तर ते बहुधा टॅक्सीचं असणार. टॅक्सीच्या पद्मिनी ऑक्टोबर 2023 पर्यंत रस्त्यावर होत्या, त्यातल्या कितीतरी सीएनजीवर. कोरड्या गॅसवर वर्षानुवर्षं चाललेल्या हेडच्या व्हॉल्व सीट (व्हॉल्व जिथे टेकतो त्या कडा) खोल गेलेल्या असतात. विकत घेण्याआधी उलटं करून सीट बघा, सपाट पट्टी ठेवून वाक बघा, जमत नसेल तर मिस्त्रीला सोबत न्या.

बाकी सगळं दिवाळीनंतर केलंत तरी चालेल, पण एक काम याच आठवड्यात करा. टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचे पेट्रोलचे रबरी पाइप बोटांनी दाबून बघा. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं, आणि तो पाइप गरम इंजिनाच्या शेजारून जातो. चिकट लागला, भेग दिसली किंवा नुसता वास आला तरी इथेनॉलला चालणारा नवा पाइप आणि नव्या क्लिपा टाका, पंपाचा डायफ्रॅमही बदला. तोपर्यंत गाडी सोसायटीबाहेर काढू नका.